एक लाख डॉलर फी लावली म्हणून पोरं सोलापुरात येतील होय?

जुळेकर: काल एका मालकांनी लिहिलं, "अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर, एच-वन-बीवर, एक लाख डॉलर फी लावली, झ्याक झालं. हुशार पोरं आता गावाकडं येतील." डोकंच फिरलं. सप्टेंबर 2025ची ती फी नव्या अर्जांना आहे, तिथं बसलेल्यांना त्याचं काय? सुधारायचंच तर नोकरी गेल्यावर 60 दिवसांत दुसरी शोधा नाहीतर गाशा गुंडाळा, हे आधी सुधारा. माझा भाचा डॅलसला आहे. साहेब रविवारी रात्री मीटिंग लावतो, हा मुकाट बसतो. ग्रीनकार्डात, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्यात, एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, म्हणून रांग हलत नाही. माणूस असा बांधून ठेवला की तिथल्या लोकांचेही पगार पडणारच.

पासधारक: भाच्याचं वाईट वाटलं. पण घाण आपल्याच कन्सल्टन्सीवाल्यांनी केली की ओ. व्हिसाच्या जागा वर्षाला 85,000, त्या लॉटरीनं, आणि एकाच पोराच्या नावानं चार कंपन्यांच्या चिठ्ठ्या. 2024ला माणशी एकच चिठ्ठी मोजायला लागले. आमची पोरगी त्याआधीच हुकली.

अक्कलकोट रोड: अमेरिकेला कशाला शिव्या? आपल्याकडं परदेशी माणूस नोकरीला ठेवायचा तर थोडे अपवाद सोडून वर्षाला 16.25 लाख पगार दाखवावा लागतो. माझ्या टॉवेलच्या शेडमध्ये रॅपियर लूम, म्हणजे नवे माग, आले, चिनी फिटरला व्हिसा मिळेना. व्हिडिओ कॉलवर बघून बीम, म्हणजे धाग्यांचा रूळ, चढवला. कापड कुठलं, नुसते धागे तुटत होते.

पासधारक: मालक, इथल्या पोराला किती देता ते सांगा आधी.

अक्कलकोट रोड: टिकतंय कोण? हात बसला की हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला.

गड्ड्यातली गर्दी: टिकतील कशाला बे? उजनी धरण भरलं तरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी.

जुळेकर: विषय व्हिसाचा आहे.

गड्ड्यातली गर्दी: विमान नाही म्हणून कंपन्या येत नाहीत म्हणायचे. विमानाच्या आड येते म्हणून 2023ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. विमान सुरू झालं. आली का आयटी कंपनी?

अक्कलकोट रोड: चिमणीचं नाव काढू नका. आमच्या भावाचा ऊस तिथंच जायचा.

पासधारक: मग विमानतळ शेतात करायचा होता का? नव्या विमानतळाला बोरामणीला जागा घेतली, तिथं माळढोक पक्षी आडवा आला म्हणे!

गड्ड्यातली गर्दी: माळढोक दिसतो का कुणाला? कागदावरच उडतोय.

पासधारक: तुला दिसत नाही म्हणून नाही का? तुला नळाचं पाणीही दिसत नाही.

जुळेकर: चिमणी, माळढोक झालं असेल तर बोलू? मालक, 16.25 लाखांचं बरोबर आहे तुमचं, घ्या. पण तुमचा फिटर लूम लावून घरी जाणार होता. भाच्यानं तिथं घर घेतलंय, लेकरू तिथं शाळेत जातंय.

अक्कलकोट रोड: मग पाठवा की भाच्याला, जागा आहे.

पासधारक: पगार तेवढा विचारू नको म्हणावं.