कोरडेपणावर थांबू नका

"शोग्रेन म्हणजे डोळ्यांत थेंब घालायचे आणि पाणी पीत राहायचं" असं बरेचदा ऐकू येतं, म्हणून लिहितेय. शोग्रेन म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते तो आजार; तो नसांवरही उलटू शकतो. माझ्या मावशीचं उलट झालं. आधी नसा बिघडल्या, कोरडेपणा नंतर कळला.

सुरुवात तळव्यांच्या आगीने. रात्री पायांवर चादरसुद्धा सहन व्हायची नाही. साखर नॉर्मल, बी-१२ नॉर्मल, एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) नॉर्मल. मग काय, "टेन्शन घेऊ नका"! पण एनसीव्हीत फक्त जाड नसा तपासल्या जातात. जळजळ पोचवणाऱ्या बारीक तंतूंचा बिघाड त्यात दिसतच नाही. त्यासाठी त्वचेची छोटी बायोप्सी लागते.

पुढे तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायला लागला. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि ही चार पावलं पुढे. ताकद शाबूत, पण पाय कुठे आहे हेच कळेना. मणक्यालगतच्या संवेदी गाठींवर (म्हणजे संवेदना पोचवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांवर) हल्ला झाला की असं होतं. तिथल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, म्हणून इथे वेळ फार महत्त्वाचा.

शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टने विचारलं, "भाकरी पाण्याशिवाय गिळता येते का?" नाही! डोळ्यांत पाणी किती येतं ते पाहणाऱ्या शर्मर चाचणीत पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी ५ मिनिटांत जेमतेम ३ मिमी भिजली. रक्तात अँटी-रो, म्हणजे शोग्रेनमध्ये सापडणारी अँटीबॉडी, पॉझिटिव्ह.

चेहऱ्याची एक बाजू बधिर होणं, अचानक नजर अंधुक होणं हेही यात होऊ शकतं. तेव्हा थेंब घालत बसू नका, न्यूरॉलॉजिस्ट आणि संधिवाततज्ज्ञ दोघांनाही दाखवा.