मुरघासाच्या गवतावर कच्चं शेण टाकू नये. तुमचं काय मत?

कडवळ (संगमनेर तालुका)
आमच्याकडे आता बहुतेकांचं अर्धा-एक एकर नेपिअर गवत आहे. जात कुणाची फुले जयवंत, कुणाची डीएचएन-६. कापणी झाली की गोठ्यातलं शेण थेट ठोंबांवर ओतायचं, ही सवय सगळ्यांची. माझीही होती. गेल्या पावसाळ्यात कापणीनंतर लगेच जमलं नाही, म्हणून वीस-बावीस दिवसांच्या उभ्या गवतात शेण टाकलं आणि पुढे त्याचाच मुरघास (हवाबंद बॅगेत आंबवून टिकवलेला चारा) केला. दोन महिन्यांनी बॅग उघडली तर खवट तुपासारखा वास. गाई तोंड लावेनात. सगळा माल उकिरड्यावर गेला.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला पटलं. मुरघास म्हणजे एक प्रकारचं विरजणच. गवतातल्या साखरेचं आम्ल होतं आणि त्यावर चारा टिकतो. नेपिअरमध्ये मक्याइतकी साखर नाही, त्यामुळे आम्ल हळू तयार होतं. तेवढ्यात शेणामातीतून आलेले जिवाणू जोर धरतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मुरघासाच्या प्लॉटला फक्त पूर्ण कुजलेलं शेणखत, तेही कापणीनंतर चार-पाच दिवसांत, सरीत टाकून मातीआड करायचं. पानावर शेणाचा शिंतोडा नको.

गोठ्यातली ताई
दादा, कुजवायचं कुठे ते पण सांगा. माझ्या सहा गाई, रोजचं शंभर किलोच्या वर शेण. गावठाणात घर, उकिरड्याला जागा नाही, शेजाऱ्यांशी भांडणं वेगळी. शेण आधी खड्ड्यात न्यायचं, तीन-चार महिन्यांनी तेच पुन्हा शेतात. दोन्ही वेळा पाटी कुणाच्या डोक्यावर असते? घरातल्या बाईच्याच. मी चार वर्षं पाणी मिसळून पातळ शेण सोडतेय आणि गवत काळंभोर आहे.

आणि बॅग नासली ती ओल्या गवतामुळे असणार. श्रावणातलं नेपिअर पिळलं तर पाणी गळतं. तसंच भरलं की नासतंच. शेणाला कशाला दोष देता?

कडवळ
ताई, पाटीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी त्याचा विचार केला नव्हता. पण त्याच दिवशी दुसऱ्या तुकड्यातलं गवतही कापलं होतं. तेवढंच ओलं, शेण न टाकलेलं. ती बॅग चांगली निघाली.

माळरान
कच्च्या शेणानं हुमणीही (मुळं खाणारी अळी) येते, ते राहिलंच.

ठोंब
माळरान, उकिरड्यात दिसणाऱ्या जाड अळ्या बऱ्याचदा गेंड्या भुंग्याच्या असतात. त्या कुजकं खातात, जिवंत मुळं नाही. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि जमिनीत अंडी घालतात. कुजलेलं खत वापरावंच, पण हुमणीसाठी एकट्या शेणाला धरू नका.

हिशेबी
एवढा वाद कशाला? एक टन शेणखतात साधारण ५ किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो, किंमत २६६ रुपये ५० पैसे. म्हणजे चार टन खत वाहायचं तेव्हा एका गोणीची बरोबरी. शेण डाळिंबवाल्याला विका, गवताला युरिया टाका. मुरघासही स्वच्छ राहील.

गोठ्यातली ताई
भाऊ, नत्राचाच हिशेब धरलात. नेपिअर वर्षाला पाच-सहा वेळा कापतो, दर कापणीला ढीगभर पालाश (पोटॅश) शेताबाहेर जातं. ते गाईच्या पोटातून शेणात आणि जास्त करून गोमूत्रात उतरतं. शेण विकलं म्हणजे शेताचं पालाश विकलं. पोटॅशची गोणी युरियाच्या भावात मिळत नाही. शिवाय चार वर्षांत माझ्या रानाला भेगा पडायच्या थांबल्या, ते युरियानं होत नाही. खरं नुकसान गोमूत्र नाल्याला सोडणाऱ्यांचं आहे.

माळरान
ताईंशी सहमत. आमच्याकडे धनगरांची मेंढरं रात्री रानात बसवतात ती याचसाठी, लेंडी आणि मूत दोन्ही जागेवर पडतं. पण पडीक कुरणात गाई चारत असाल तर ओलं शेण पसरू नका. शेणाचा वास असलेलं गवत गाय आठवडेच्या आठवडे टाळते, शिवाय शेणातले जंत पुन्हा पोटात जातात.

कडवळ
मग ताई, तुमचं पातळ शेण रोज कुट्टी करून (बारीक कापून) घालायच्या गवताला चालू द्या. माझा आग्रह मुरघासाच्या प्लॉटपुरताच आहे.

गोठ्यातली ताई
मला अजून पटलेलं नाही. येत्या कापणीनंतर चार सऱ्यांत लगेच कच्चं टाकते, चार सऱ्यांत कुजलेलं. दोन ड्रम वेगळे भरते.

कडवळ
नक्की करा. कापताना बुंधा वीतभर सोडा, माती येत नाही. आणि कुट्टी मुठीत दाबून बघा. पाणी गळलं तर गवताला आधी एक ऊन द्या, नाहीतर दोन्ही ड्रम नासतील आणि कळणार काहीच नाही.