मदत हवी आहे: आधी आपले की आधी गरजू?

जानेवारी २०२५ मध्ये स्थलांतरितांच्या वादात अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी ख्रिस्ती प्रेमाचा क्रम लावला: कुटुंब, शेजारी, देश, मग उरलेलं जग. १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन बिशपांना लिहिलेल्या पत्रात बायबलमधल्या, अनोळखी जखमीला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला दिला. कॅटेकिझमचा (कॅथलिक चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाचा) परिच्छेद २२४१ दोन्ही बाजू उचलतात, कारण त्यात श्रीमंत देशांनी शक्य तितकं परक्यांना सामावून घ्यावं असंही आहे आणि आलेल्यांनी कायदे पाळावेत असंही. ‘शक्य तितकं’ म्हणजे किती? (राजकारण्यांना मोघमच बरं!)

मला व्हान्स यांची मांडणी अपुरी वाटते. टोकाच्या गरजेतला परका कधी सख्ख्या बापाच्याही आधी येतो, असं मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस म्हणतात ना? त्यांच्या ‘सुम्मा’ या ग्रंथात ते नेमकं कुठे आहे? मराठीत यावर काही वाचायला मिळेल का?