'हॅव बीन' म्हणजे नक्की काय? कोणीतरी नीट सांगा

नाशिककर:
मी कुरिअरच्या ऑफिसात कामाला आहे, रोज 'युवर पार्सल हॅज बीन डिस्पॅच्ड' असले मेल बघतो, ते अंदाजाने कळतं. पण परवा इंटरव्ह्यूला साहेबांनी विचारलं 'हॅव यू बीन टू पुणे?' आणि मी अडकलोच. मग किती वर्षं काम करतोयस विचारलं तर 'आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स' म्हणालो, मित्र म्हणतो तेही चुकलं. शाळेत बी-वॉज-बीन पाठ करून घेतलं पण अर्थ काय ते कोणी सांगितलंच नाही.

सातारी मास्तर:
एकट्या 'बीन'चा मराठी शब्द शोधत बसू नका, अख्खं वाक्य धरा. 'मी पुण्याला जाऊन आलोय' असं आपण म्हणतो ना, तेच 'आय हॅव बीन टू पुणे'. आणि 'तो पुण्याला गेलाय', म्हणजे अजून तिकडेच आहे, ते 'ही हॅज गॉन टू पुणे'. जाऊन आलाय आणि गेलाय यात आपली कधी गल्लत होते का? मग इंग्रजीतही होणार नाही.

डोंबिवली फास्ट लोकल:
तीन वर्षांचं मी सांगते. मराठीत 'तीन वर्षांपासून काम करतोय' असं सरळ वर्तमानकाळात चालतं म्हणून तोंडात 'ॲम वर्किंग' येतं, पण इंग्रजीत मागे सुरू झालेलं अजून चालू आहे म्हटलं की 'हॅव बीन वर्किंग' लागतं. आणि खरी गोम 'पासून'मध्ये आहे, आपला पासून दोन्हीकडे चालतो, 2021 पासून पण आणि तीन वर्षांपासून पण. त्यांच्याकडे सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स, किती काळ झाला ते सांगायचं तर फॉर. 'सिन्स 2021', पण 'फॉर थ्री इयर्स'. माझं स्वतःचं हे कॉलेज संपेपर्यंत चुकत होतं.

नाशिककर:
आणि पार्सलवालं?

सातारी मास्तर:
'हॅज बीन डिस्पॅच्ड' म्हणजे पाठवलंय, कोणी पाठवलं ते महत्त्वाचं नाही म्हणून माणूस गाळलाय. 'इज बीइंग डिस्पॅच्ड' असेल तर पाठवायचं काम चालू आहे, पार्सल अजून निघालेलं नाही. तुमच्या कामात हे नीट बघा, कस्टमर त्यावरच वाट बघत बसतो.

नाशिककर:
आत्ता डोक्यात शिरलं! म्हणजे 'आय हॅव बीन टू पुणे लास्ट दिवाळी', बरोबर?

डोंबिवली फास्ट लोकल:
जवळपास. पण लास्ट दिवाळी म्हणून वेळ सांगून टाकलीत ना, मग तिथे साधं 'आय वेंट टू पुणे लास्ट दिवाळी'. दिवाळी काढून टाका, मग हॅव बीन बसेल. 'मेनी टाइम्स' लावलंत तरी चालेल.