नाट्यशिबिर सर्वांसाठी : रॅम्पच्या पुढचं

नाट्यशिबिर अपंग शिबिरार्थींनाही सोयीचं कसं करायचं, या विषयावर रॅम्प आणि स्वच्छतागृहांबद्दल चांगली चर्चा झाली आहे. अंध शिबिरार्थी येणार असतील तर मला संहितेची फाइल तितकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडे अजूनही बऱ्याच संहिता श्रीलिपी, कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत कोड इंग्रजी अक्षरांचे. मग स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, भलतंच काहीतरी बडबडत सुटतं. नुसती स्कॅन केलेली पीडीएफ असली तर तेवढंही नाही. युनिकोडमधली, म्हणजे आत खरोखर मराठी अक्षरांचेच कोड असलेली वर्ड फाइल आठवडाभर आधी पाठवा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो, पाठवण्याआधी त्यावर एकदा स्वतः ऐकून बघाच.

कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेचे दुभाषी बोलावणार असाल तर दिवसभराला दोघं हवेत, मानधन पहिल्या बजेटमध्येच धरा. सलग काम एकट्याला झेपत नाही, साधारण २० मिनिटांनी आलटून पालटून करावं लागतं. संहिता त्यांनाही आधी द्या. आणि प्रकाशयोजनेच्या सत्रात अंधार कराल तेव्हा दुभाष्यावर एक दिवा चालू ठेवा, नाहीतर नेमकं त्याच सत्रातलं काही कळणार नाही.

अर्जात अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागू नका हो. काय सोय लागेल, एवढंच विचारा.