भामटा : जातीचं नाव की शिवी?

प्रश्न : पेपरात रोज 'भामट्याने गंडा घातला', 'भामट्यांनी दागिने लांबवले' असं वाचतो. परवा मैत्रिणीच्या मुलाच्या अ‍ॅडमिशनसाठी विमुक्त जातींची सरकारी यादी बघत होते, त्यात चक्क 'भामटा' आणि 'राजपूत भामटा' अशी दोन नावं. मग पेपरात जे छापतात ते नक्की कोणाला उद्देशून? कोणी नीट सांगेल का?

प्रतिसाद : ताई, बरोबर बघितलंत. विमुक्त जातींच्या त्या यादीत १४ नावं आहेत, बेरड, कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार, छप्परबंद वगैरे, त्यातलंच हे एक. आणि यातलं एकटं भामटाच नाही हो, चिडल्यावर 'काय कैकाड्यासारखा वागतोस', 'वडाऱ्यासारखं ओरडू नको' म्हणणारी माणसं घराघरात आहेत. भामटा मात्र इतका रुळलाय की बातमी लिहिणाऱ्यालाही आपण कोणाच्या तरी जातीचं नाव घेतोय हे जाणवत नाही.

यामागे कायदा आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, आधी उत्तरेकडे लागू होता, १९११ च्या कायद्याने तो देशभर लावायची सोय झाली. म्हणजे अमुक जमातीत जन्मलास की तुझं नाव रजिस्टरला, बोटांचे ठसे घेतलेले, ठरलेल्या वेळी हजेरी आणि गाव सोडायचं तर पास. चोरी केलीय का हा प्रश्नच नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती, त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून 'विमुक्त', आणि म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन.

दुसरा प्रतिसाद : यात 'सराईत' पण घ्या. एरवी किती चांगला शब्द, सराईत हाताने भाकरी थापली म्हणतो आपण. पोलिसांच्या भाषेत आला की सराईत गुन्हेगार, रेकॉर्डवरचा. १९५२ नंतर जमातीचा कायदा गेला पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे तेव्हाच्या मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर तो एकेका माणसासाठी, जातीसाठी नाही, पण रजिस्टर कोणाच्या नावांनी भरतं ते कोर्टात काम करताना मी बघते.

गावात घरफोडी झाली की गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते. रात्री दोन-तीन पुरुष उचलतात, चौकशीला म्हणून, आणि बायका सकाळपासून पोलीस स्टेशनच्या बाहेर बसून असतात. मग जामीन. कोर्ट जामीन देतं हो, पण जामीनदार कुठून आणायचा, सातबारा नाही, पक्का पत्ता नाही, रेशनकार्ड कधी असतं कधी नाही, नातेवाईकही पालावरचेच, त्यामुळे त्याच कलमात घरदार असलेला माणूस आठवड्यात सुटतो आणि हा आत महिने काढतो. सुटला तरी पुढच्या चोरीला पहिलं नाव त्याचंच, कारण आता तो खरंच 'रेकॉर्डवरचा' झालेला असतो. मला याचा फार राग येतो.

आणि हे फाशीपर्यंत गेलंय. २००३ च्या आपल्याच राज्यातल्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती, २००९ ला सुप्रीम कोर्टानेही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली, आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, त्यांना खोटं गुंतवलं गेलं म्हणत प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला लावली. त्यातला एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

प्रश्नकर्ती : वाचून सुन्न झाले. मग यादीतला हा शब्द काढून का टाकत नाहीत?

पहिला प्रतिसादक : तिथेच गुंता आहे ताई. २०२३ ला 'राजपूत भामटा' मधला भामटा काढायची गोष्ट निघाली तेव्हा भटक्या-विमुक्त संघटनांनीच विरोध केला. तो शब्द गेला तर सगळेच राजपूत विमुक्तांच्या सवलतीत घुसतील, आधीच खोट्या दाखल्यांचा त्रास आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. ज्या नावाने आजोबांना हजेरीला उभं केलं त्याच नावाच्या दाखल्यावर नातू कॉलेजात जातो, तर तो दाखला त्याच्या हातातून कसा काढून घ्यायचा? त्यामुळे यादीत राहू दे, पेपरातून काढा. फसवणारा, लबाड, तोतया, चोरटा, शब्दांचा काय तुटवडा आहे का मराठीत. मी दोन-तीन संपादकांना तसं लिहून कळवलंय, तुम्हीही लिहा.

दुसरा प्रतिसाद : आणि 'पारधी टोळी जेरबंद' हेही बंद व्हायला हवं. बाकी कुठल्या आरोपीची जात हेडिंगमध्ये देतात? ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला, विमुक्त जमातीच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये हेही पोलिसांना बजावलं. पालावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी या निकालाची मराठी प्रत जवळ ठेवावी, पोलीस स्टेशनला जाताना सोबत न्यावी. कोणाला हवी असेल तर इथेच सांगा, मी पाठवते.