अक्षरं असलेली चित्रं जेपीईजीत नकोत

गिरगावकर: आमच्या गणेशोत्सव मंडळाची वेबसाइट नव्याने होतेय. पोरं सरसकट सगळं जेपीईजीत, म्हणजे फोटोंच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात, टाकायच्या विचारात आहेत: फोटो, लोगो, आरतीच्या वेळांचं पत्रकही. फोटोंना माझी ना नाही. पण जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातले बारकावे गाळतं. फोटोत ते खपतं. शिरोरेषेच्या कडेला मात्र धुरकट ठिपके उमटतात. त्यात आमचं पत्रक पिवळ्यावर लाल. रंगाची माहिती बहुधा निम्म्याच रेझोल्यूशनवर साठवली जाते, त्यामुळे लाल रंग अक्षराबाहेर ओघळतो. वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. आपलीच लिपी आपणच अशी गचाळ दाखवायची?

परळवाला: दादा, पत्रक बघणारा लोकलच्या दारात उभा असतो, रेंज येऊन-जाऊन. बारकावे न गाळणारं पीएनजी केलं तर ते दीड एमबीचं होतं, ते उघडेपर्यंत त्याचं स्टेशन येईल. जेपीईजी ८५ क्वालिटीवर ठेवा, ठिपके कुणाच्या लक्षातही येणार नाहीत.

गिरगावकर: दीड एमबी होतं ते पत्रकामागे मूर्तीचा फोटो लावल्यामुळे. तो काढा. सपाट सात-आठ रंग उरले की २५६ रंगांच्या पॅलेटवर, म्हणजे ठरावीक रंगांच्या यादीवर, पीएनजी सेव्ह करा, बहुतेक वेळा जेपीईजीपेक्षा हलकं निघतं. आणि लक्षात येतं हो. वयस्कर माणसं झूम करूनच वाचतात.

दादरची डिझायनर: वेबपी हा फाइल-प्रकार का नको? गूगलने २०१० मध्ये आणलं, २०२० पासून अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरमध्येही चालतं. अक्षरांना लॉसलेस (काहीच न गाळणारं), फोटोंना लॉसी (बारकावे गाळणारं). लॉसी वेबपीतही लाल रंग तसाच ओघळतो, तेवढं सांभाळा. लोगो एसव्हीजीत, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांनी आखलेल्या फाइलमध्ये, द्या, पण अक्षरं आधी कर्व्हजमध्ये (नुसत्या आकारांत) बदलून. नाहीतर ज्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही तिथे भलतंच वळण दिसेल.

परळवाला: ताई, मंडळात कुणीही वेबसाइटवरून लोगो उचलतो आणि बॅनरवाल्याला पाठवतो. २०२२ च्या आधीच्या फोटोशॉपमध्ये प्लगइनशिवाय (वेगळ्या जोड-प्रोग्रॅमशिवाय) वेबपी उघडत नाही. ऐन चतुर्थीच्या आदल्या रात्री कोण धावपळ करणार?

दादरची डिझायनर: बॅनरला वेबसाइटवरचा लोगो द्यायचाच नसतो! मूळ पीडीएफ वेगळी ठेवा, तीच पाठवा.

माहीमकर: मुळात वेळा चित्रात कशाला? साधा मजकूर टाइप करा. पान लगेच उघडेल, आणि दृष्टिहीन भक्तांना स्क्रीन रीडर वाचून दाखवेल. चित्रातलं त्यांच्यापर्यंत सहसा पोचत नाही.

परळवाला: हे पटलं, वेळा टाइप करू. विसर्जनाचे फोटो मात्र जेपीईजीतच राहतील. लोक ते डाउनलोड करून गावी पाठवतात, तिथल्या जुन्या फोनवरही उघडायला हवेत.